सव्वादोनला चौकट नाही

शिंगोटे बाईंची आठवण निघाली की मला आधी राग येतो. कुणाकुणाचा, ती यादी मोठी आहे. तीत तालुक्याचं शिक्षण ऑफिस आहे, एक रंगवलेली भिंत आहे, एक टॅब आहे, मी आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतः बाईही आहेत. त्या निवृत्त होऊन आता वर्ष उलटून गेलं, तरी माझं चिडणं काही कमी होत नाही. बायको म्हणते, एकदा लिहून काढा म्हणजे सुटाल. बघू.

आमची शाळा चाकणच्या पुढे, हमरस्त्यापासून जरा आत, एका वस्तीवर. हमरस्त्यावरून दिवसभर नव्याकोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर आणि कंटेनर धावतात. शाळा पाचवीपर्यंतची. सहावीला जायचं तर मोठी शाळा रस्त्याच्या पलीकडे. गावातल्या जुन्या घरांतली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जायची. कंपन्यांत कंत्राटावर लागलेल्या मराठवाड्यातल्या लोकांची जरा ऐपत झाली की त्यांचाही मुलगा त्याच बसमध्ये बसायचा. आमच्याकडे उरायच्या मुली. पाचवी झाली की तो रस्ता ओलांडायला नको म्हणून यातल्या निम्म्या घरी बसायच्या, धाकटी भावंडं सांभाळायच्या. बाईंनी हे बरीच वर्षं पाहिलं आणि मग पंचायत ते ऑफिस असे खेटे घालून सहावीचा वर्ग आपल्याच शाळेत आणला. मंजुरी तात्पुरती होती. दर वर्षी पडताळणी व्हायची, आणि ठरावीक मुली उत्तीर्ण झाल्या तरच वर्ग पुढच्या वर्षी चालू राहायचा. बाई सहावीला शिकवायच्या, मी पाचवीला.

बाई बुटक्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, खडू ठेवायला स्टीलचा जुना डबा. फळा कोरड्या डस्टरनं पुसलेला त्यांना चालायचा नाही, ओलं फडकं लागायचं. मुलांच्या वह्यांत त्यांनी कधी फुली मारलेली मी पाहिली नाही. चुकलेल्या उत्तराखाली त्या लाल शाईनं एकच प्रश्न लिहायच्या, 'मोठं झालं का लहान?' आधी अंदाज, मग आकडे, असा त्यांचा नियम होता. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला की थेट सासर-माहेरच्या मावळी बोलीवर उतरायच्या. हा राग फक्त मोठ्या माणसांसाठी राखीव होता. मुलीचं चुकलं की त्यांचा आवाज उलट खाली यायचा. "पूस. परत करून बघ," एवढंच.

मुली त्यांना आपापसांत पाऊणबाई म्हणायच्या, कारण रोज सकाळी प्रार्थनेनंतर पाऊणकी. पाऊणकीचा पाढा आता कुणी पाठ करत नाही. मला स्वतःला येत नव्हता. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. हा पाढा नुसता घोकलेला त्यांना खपायचा नाही. त्यांच्या कपाटात पितळेचं एक चिपटं होतं, सासूच्या वेळचं, धान्य मोजायचं. चार चिपटी म्हणजे एक शेर. मुली मैदानातल्या वाळूचे ढीग घालायच्या, तीन चिपट्यांचा एक, असे तीन ढीग, आणि मग ते सगळे पुन्हा शेरानं मोजायच्या. दोन शेर भरायचे आणि एक चिपटं उरायचं. "दिसलं सव्वादोन?" बाई विचारायच्या. वाळू शिवल्याशिवाय गुणाकार शिवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. किलो-ग्रॅमच्या जमान्यात शेर कशाला, असं मी एकदा म्हणालो होतो. शेर मेला तरी पाव आणि पाऊण मेले नाहीत, भाजीवालीला जाऊन विचारा, असं उत्तर मिळालं.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या अपमानानं. पाचवीत मी सममूल्य अपूर्णांक शिकवायचो, आणि मुलांच्या लक्षात राहावं म्हणून एक घोषवाक्य केलं होतं, 'वर जे, तेच खाली.' टाळ्या वाजवत म्हणून घ्यायचो. त्याचा व्हिडिओ आमच्या केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, त्यावर अंगठेही भरपूर आले होते. जूनमध्ये माझी एक मुलगी सहावीत गेली, आणि आठवड्याभरात शिंगोटे बाई तिची वही आणि तिला घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. वहीत गणित होतं, दोन पंचमांश गुणिले तीन. उत्तर लिहिलं होतं, सहा पंधरांश. तिनं वरही तीननं गुणलं होतं आणि खालीही.

बाईंनी तिला माझ्यासमोर विचारलं, एकीच्या ताटात दोन पंचमांश भाकरी, अशा तिघी जेवायला बसल्या, तर मिळून भाकरी किती? ती म्हणाली, सहा पंधरांश. बाई म्हणाल्या, बरं, सहा पंधरांशाला छोटं कर बघू. तिनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, दोन पंचमांश. मग तिचीच ती थबकली.

"म्हणजे तिघींत मिळून एकीचीच भाकरी," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पूस. परत करून बघ." मुलगी गेली. मग माझ्याकडे वळल्या आणि आवाज चढला. "सर, त्या टाळ्या बंद करा. पोरगी उपाशी ऱ्हायली तरी टाळ्या वाजवत ऱ्हाईल."

मला तेव्हा राग आला तो बाईंचा. मी बी.एड. आहे, माझ्या व्हिडिओला अंगठे आहेत, आणि ही डी.एड. बाई मला मुलीसमोर बोलते. चूक माझी नव्हतीच, सममूल्य अपूर्णांकाला ती युक्ती बरोबरच आहे, असं मी दोन दिवस मनाला समजावत होतो. तिसऱ्या दिवशी टाळ्या बंद केल्या. पण ते 'सहा पंधरांश' मात्र बाईंच्या तोंडी कायमचं बसलं.

कुठंही कुणी दिल्याचा आव आणून काहीच दिलं नाही की बाई म्हणायच्या, सहा पंधरांश झालं. एका बैठकीत तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी मोठ्या उत्साहानं जाहीर केलं की आजूबाजूच्या तीन शाळांना मिळून एक नवीन शिक्षक देत आहोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, साहेब, तुम्ही वरही गुणलंत आणि खालीही, आमच्या ताटात पडलं काय? साहेबांना काहीच कळलं नाही. आम्हाला सगळ्यांना कळलं, पण आम्ही मूग गिळून बसलो. परत येताना मी म्हटलं, बाई, प्रत्येक ठिकाणी कशाला. त्या म्हणाल्या, मग कुठल्या ठिकाणी, ते तरी सांगा.

मग ती भिंत. जवळच्या एका कंपनीनं शाळा रंगवून द्यायचं ठरवलं. शनिवारी एकसारखे टी-शर्ट घातलेली चाळीस माणसं बसमधून आली. गुणी माणसं होती, मनापासून राबली. त्यांनी बाहेरच्या भिंतीवर अपूर्णांकांचा तक्ता काढला. त्यात एक पिझ्झा होता, तीन तुकडे केलेला, आणि एका तुकड्यावर लिहिलं होतं, एक तृतीयांश. तुकडे तिन्ही वेगवेगळ्या आकाराचे. एक तर जवळजवळ अर्धा. संध्याकाळी फीत कापून फोटो काढायचा होता. बाई फोटोत उभ्या राहीनात. मुख्याध्यापक विनवण्या करू लागले. बाईंचं म्हणणं एकच होतं, समान तुकडे नसतील तर तृतीयांश म्हणायचं नाही, आणि माझ्या मुली रोज ही भिंत वाचत आत येणार आहेत. कंपनीच्या मॅनेजर बाई म्हणाल्या की एवढं कुणी बघत नाही. तिथं ठिणगी पडली. शिंगोटे बाईंनी रंगाऱ्यांच्या सामानातून चुन्याची बादली उचलली आणि सगळ्यांच्या देखत तो पिझ्झा पुसून टाकला. सोमवारी दोरी आणि खिळा घेऊन मुलींकडून तिथंच भाकरी काढून घेतली, सारख्या तीन भागांची. ऑफिसकडून बाईंना खुलासा मागणारं पत्र आलं. खुलाशात त्यांनी एक वर्तुळ काढून त्याचे तीन समान भाग करून दाखवले, आणि खाली सही केली.

त्या पत्राच्या गोष्टीवर आम्ही पोट धरून हसलो. आता वाटतं, हसण्याऐवजी कुणी तरी त्यांच्या बाजूनं एक ओळ लिहून दिली असती, तर पुढचं कदाचित टळलं असतं. ऑफिसात त्यांचं नाव तेव्हापासून 'त्या भिंतवाल्या' असं पडलं.

आता कविता. ही सहावीतली. बाप कंपनीत पत्रे दाबायच्या विभागात, प्रेस शॉपला, कंत्राटावर, आई कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला, परभणीकडची माणसं. पोरगी काळीसावळी, हडकुळी, सारखी पायानं पाय खाजवणारी. गणितात मात्र तिचं उत्तर आधी यायचं आणि रीत नंतर. बाईंचा तिच्यावर जीव होता, पण त्या दाखवायच्या नाहीत. उलट तिलाच जास्त छळायच्या. बाईंची ही एक खास सवय होती. मुलीनं बरोबर उत्तर दिलं की त्या कपाळाला आठ्या घालून विचारायच्या, "नक्की?" मुलगी डगमगली की संपलं. पुन्हा विचारायच्या, "नक्की?" तिसऱ्यांदा विचारायच्या. तीनदा ठाम राहिली तरच चिपटं वाजवून शाबासकी. मुलींना हा खेळ फार आवडायचा. समोरच्यानं जितक्या जास्त आठ्या घातल्या तितकं आपलं उत्तर पक्कं, असं त्या धरून चालायच्या. "बरोबर उत्तर कुणाच्या तोंडाकडं बघून बदलायचं न्हाई," हे वाक्य त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं आणि ते पुसायची कुणाला परवानगी नव्हती.

त्या वर्षीची पडताळणी टॅबवर होणार होती. वर्गात अकरा जणी, नऊ उत्तीर्ण व्हायला हव्या होत्या; तेवढ्या झाल्या तर सहावी टिकणार होती आणि याच मुलींना पुढची सातवीही इथंच मिळणार होती. बाईंचं ते शेवटचं वर्ष. आपण गेल्यावर वर्ग टिकला पाहिजे, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. जानेवारीपासून जेवणाच्या सुट्टीतही शिकवायच्या. पडताळणीला आलेली बाई तिशीतली, तीही कंत्राटी. दिवसाला चार शाळा उरकायच्या होत्या तिला, सकाळपासून पाणी प्यायला नव्हती. नियम असा की प्रश्न तोंडी विचारायचा, मुलीनं तोंडी सांगायचं, शिक्षकांनी काही बोलायचं नाही. मी हजर होतो, कारण शाळेचा तंत्रस्नेही शिक्षक म्हणून नेटची आणि टॅबची जबाबदारी माझी होती. आणि तालुक्याच्या ऑफिसात मला प्रतिनियुक्तीवर घेणार असल्याचं नुकतंच कुणीतरी कानावर घातलं होतं. हेही लिहून टाकतो.

दहा जणी झाल्या, आठ उत्तीर्ण. शेवटची कविता. तिच्या भरवशावर बाई निवांत भिंतीला टेकून उभ्या होत्या. तीनही प्रश्न बरोबर यायला हवे होते. पहिले दोन कवितानं विचारून संपायच्या आत सोडवले. तिसरा होता, पाऊण लिटरच्या तीन बाटल्या, मिळून पाणी किती?

"सव्वादोन लिटर," कविता म्हणाली.

त्या बाईनं टॅबकडे पाहिलं. पडद्यावर उत्तरासाठी दोन चौकटी होत्या, एक वर, एक खाली, मध्ये रेघ. सव्वादोन लिहायला जागा नव्हती. तिनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "नक्की? परत सांग."

कविता हसली. तो खेळ तिला पाठ होता. "सव्वादोन."

"वर काय, खाली काय, तसं सांग ना."

"वर-खाली काही न्हाई. सव्वादोनच हाय."

मुलीला नऊ चतुर्थांश येत नव्हतं असं नाही. वहीत तिनं ते पन्नासदा लिहिलं होतं. पण समोर आठ्या होत्या, तिसऱ्यांदा विचारलं जात होतं, आणि तिला शिकवलं होतं की आता ढळायचं नाही. मी बाईंकडे पाहिलं. नुसता एक इशारा, एक बोट वर आणि एक खाली दाखवलं असतं तरी पोरीनं ओळखलं असतं. बाईंचा हात उचललाही गेला. मग त्यांनी तो पदरात गुंडाळून घेतला. त्या क्षणासाठी मी बाईंना अजून माफ केलेलं नाही. बरोबर उत्तर द्यायला इशारा कशाला, असं त्यांना वाटलं असणार, आणि ते बरोबरच होतं. पण अकरा मुलींचं वर्ष त्या पदरात गुंडाळलं गेलं.

पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट अशी की ती कंत्राटी बाई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, सर, उत्तर बरोबर आहे हे मलाही कळतंय, ह्यात नऊ आणि चार टाकू का, तुम्ही हो म्हणाल तर टाकते. तिला फक्त कुणाचं तरी हो हवं होतं. मी म्हणालो, "नियमात असेल तसं करा."

तिनं केलं. आठ.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कपाटातून चिपटं काढलं, तिथंच पाणी मोजून दाखवलं, नऊ चिपटी, सव्वादोन शेर, डोळ्यांनी बघा. ती बिचारी म्हणाली, मॅडम, पटतंय हो, पण आता पुढं गेलं ते, मागं येत नाही. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. ऑफिसला त्यांनी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं की एकदा भरलेली माहिती पुसता किंवा दुरुस्त करता येत नाही. मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, नारळ आणि साहेबांचं भाषण. भाषणात साहेब म्हणाले की बाईंचं योगदान मोजता येणार नाही. बाई खालून म्हणाल्या की मोजता येतं, तुम्हाला येत नाही. जूनमध्ये सहावीचा वर्ग रस्त्यापलीकडच्या शाळेला जोडला गेला, आणि अकराही जणींना तिकडच्या सातवीचे दाखले मिळाले. मी ऑफिसात प्रतिनियुक्तीवर गेलो.

गेल्या फेब्रुवारीत मला पडताळणीच्या कामाला लावलं. टॅब आता माझ्याच हातात. एका शाळेत एका मुलीला विचारलं, अर्ध्या मीटरचे तीन तुकडे, मिळून किती? ती म्हणाली, दीड. पडद्यावर त्याच दोन चौकटी. मी वर तीन टाकलं, खाली दोन टाकलं आणि पुढं गेलो. बोटाचे दोन ठोके. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही.

दुपारी त्याच हमरस्त्यानं परतत होतो, तर पुढं सगळं थांबलेलं. मोटारसायकल कडेनं काढत पुढं गेलो. दुभाजकाच्या फटीत शिंगोटे बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात लाल फडकं, बहुधा फळ्याचंच. पलीकडची शाळा सुटत होती. चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं की जूनपासून रोज दोन्ही वेळेला येतात, कुणी सांगितलं नाही, कुणाची परवानगी नाही.

मी गाडी लावून त्यांच्याजवळ गेलो. का कोण जाणे, मला वाटलं की सकाळची गोष्ट ऐकून त्यांना बरं वाटेल. मी सगळं सांगितलं. दीड म्हणाली, मी तीन आणि दोन टाकलं, चालतं बाई तसं.

त्या ऐकत होत्या. मला वाटलं आता आवाज चढेल. मी त्याची वाटच बघत होतो म्हणा ना. पण त्यांचा आवाज खाली आला, वर्गात चुकलेल्या मुलीशी बोलायच्या तसा.

"मग कविताच्या टायमाला, सर?"

त्या तशाच हळू म्हणाल्या, "पूस म्हणायला हे पाटीवरचं न्हाई."

मी विचारलं, किती येतात आता? "अकरातल्या सात," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलेल्या चौघी तुमच्या कुठल्या चौकटीत टाकल्या, तेवढं हापिसात इचारून ठेवा."

पलीकडे मुली जमल्या होत्या. बाई माझ्याकडे पाठ करून रस्त्यात उतरल्या आणि फडकं उंच धरलं. मोटारी लादलेला ट्रेलर सुस्कारा टाकत त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. मागून हॉर्न सुरू झाले, कुणीतरी शिवी घातली. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. मुली एकमेकींचे हात धरून निघाल्या, आणि बाई त्यांना रस्त्याच्या मधोमध पाऊणकी विचारत होत्या. तीन पाऊण? सव्वादोन. नक्की? सव्वादोन.

मी प्रत्येकीचं तोंड बघितलं. कविता त्यांत नव्हती. मी पहिलीपासून पुन्हा मोजल्या. सातच होत्या.